अँटेना आणि चार बोटांचं अंतर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

रेडिओवर बोलायला बोलावलं, तेव्हा विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. माझी सगळी नोकरी मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांवर गेली. श्रोत्यांना निवेदकाचा आवाज ओळखीचा असतो, गाणी पाठ असतात. पण गावाबाहेर माळावर उन्हापावसात उभा असलेला मनोरा कोणाच्या खिजगणतीतही नसतो. त्या मनोऱ्याच्या एका दूरच्या भावंडाची ही हकीकत आहे. हे भावंड उंच नाही आणि मोकळ्या हवेतही नाही. ते एका पोलादी भांड्याच्या आत, भिंतीला लागून बसतं. त्याच्यापासून चार बोटांवर विद्युतभारित वायूची कड सुरू होते आणि त्या वायूचा गाभा सूर्याच्या गाभ्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. बातम्या किंवा गाणी पोचवणं हे या अँटेनाचं काम नव्हे. तो वायू तापवणं हे त्याचं काम.

वायू एवढा तापवायचा कशाला? हायड्रोजनची दोन भावंडं आहेत, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. त्यांची केंद्रकं एकमेकांत मिसळली, की हेलियम तयार होतो आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. यालाच अणुसंमीलन म्हणायचं. पण दोन्ही केंद्रकं धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलणारी. त्यांची गाठ घालून द्यायची, तर ती भलत्याच वेगाने धावत यायला हवीत. म्हणजेच वायूचं तापमान दहा-पंधरा कोटी अंशांवर न्यायला हवं. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. कुठल्याही धातूचं भांडं त्याला टेकून टिकणार नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य वेष्टनात त्याला अधांतरी धरून ठेवतात.

ऑगस्ट १९५५ मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद जिनिव्हाला भरली. अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याची रीत सापडेल. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तेव्हा या विषयावर गुपचूप काम करत होते. भाभांनी तो चारचौघांत बोलून दाखवला. वीस वर्षांचा तो हिशेब चुकला, हे आपण जाणतोच. तो का चुकला याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतली मोठी कारणं प्लाझ्मा धरून ठेवण्याच्या अडचणींशी निगडित आहेत. पण एक लहानसं, फारसं न सांगितलं जाणारं कारण या अँटेनापाशी येऊन थांबतं. आणि मी अँटेनावाला माणूस असल्याने मला तेच जवळचं वाटतं.

सुरुवात करू या अमेरिकेतल्या प्रिन्स्टनपासून. १९५१ मध्ये लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञाने तिथे हे काम सुरू केलं. गृहस्थ गिर्यारोहणाचे शौकीन, म्हणून गुप्त प्रकल्पाला त्यांनी आल्प्समधल्या एका शिखराचं नाव दिलं, ‘मॅटरहॉर्न’. पहिलं कार्यालय सशांसाठी बांधलेल्या जुन्या खुराड्याच्या इमारतीत होतं म्हणतात. प्लाझ्मा धरण्यासाठी स्पिट्झर यांनी जे यंत्र कल्पिलं त्याचं नाव स्टेलरेटर. प्लाझ्मा तापवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यातून वीजप्रवाह सोडायचा, शेगडीच्या तारेतून सोडतो तसा. पण इथे एक गोम आहे. शेगडीची तार तापली की तिचा विरोध वाढतो. प्लाझ्माचं उलटं, तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विरोध घटत जातो. एक-दोन कोटी अंशांच्या पलीकडे ही शेगडी जवळजवळ निरुपयोगी होते. पुढची उष्णता बाहेरून, दुसऱ्या वाटेने आणावी लागते.

ती वाट दाखवणाऱ्यांत टॉमस स्टिक्स यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. १९५३ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवून ते याच प्रकल्पात दाखल झाले. त्यांची कल्पना आपल्याला घरच्या झोपाळ्यावरून समजेल. झोपाळा आपल्या लयीत हलत असतो. त्या लयीवर हलकासा पाय मारत राहिलं, तर झोका मोठा होत जातो; लय चुकवून कितीही जोर लावला, तरी झोपाळा नुसता अडखळतो. चुंबकीय क्षेत्रात सापडलेला आयन असाच ठरलेल्या लयीत गोल फिरतो. एक टेस्ला एवढं क्षेत्र असेल, तर हायड्रोजनचा आयन सेकंदाला सुमारे दीड कोटी फेऱ्या मारतो. म्हणजे १५ मेगाहर्ट्झ. क्षेत्र तिप्पट केलं की फेऱ्याही तिप्पट. आता त्याच कंप्रतेची रेडिओ लहर प्लाझ्मात सोडली, तर प्रत्येक फेरीला आयनाला थोडा पाय मिळेल आणि त्याचा झोका, म्हणजे वेग, वाढत जाईल.

गंमत बघा, हे आकडे आपल्या ओळखीचेच आहेत. १५ मेगाहर्ट्झ म्हणजे लघुलहरींचा पट्टा. ५० मेगाहर्ट्झ म्हणजे जुन्या दूरदर्शनच्या पहिल्या वाहिन्यांचा शेजार. त्या पट्ट्यासाठी गच्चीवर माशाच्या काट्यासारखे अँटेना लावावे लागत. त्यामुळे या कामासाठी नवीन कसलाही शोध लागायची वाट पाहावी लागली नाही. मोठमोठ्या व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर जगभर तयार होतेच. कमी होता तो फक्त अँटेना.

स्टिक्स यांनी स्टेलरेटरच्या नळीभोवती एक खास गुंडाळी बसवली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयन तापतात हे प्रयोगाने दाखवलं. १९६२ मध्ये प्लाझ्मातल्या लहरींवरचं त्यांचं पुस्तक आलं. या क्षेत्रातल्या माणसाच्या टेबलावर ते अजून सापडतं. पण स्टेलरेटरला गळती होती. तापलेला प्लाझ्मा वेष्टनातून निसटून जाई. फुटक्या घागरीत पाणी भरावं तसा प्रकार. १९६८ मध्ये मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेने आपल्या टोकामाक नावाच्या यंत्रात एक कोटी अंशांच्या घरातलं तापमान मिळाल्याचं सांगितलं. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. १९६९ मध्ये ब्रिटिशांचं एक पथक आपलं लेसरचं उपकरण घेऊन मॉस्कोला गेलं आणि आकडे खरे निघाले. शीतयुद्धाच्या ऐन भरातली ही घटना आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. वर्षभरात प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर मोडून त्याचा टोकामाक केला.

टोकामाक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची पोकळ नळी. तिच्यात चुंबकीय क्षेत्र मधल्या भोकाच्या बाजूला जास्त असतं आणि बाहेरच्या बाजूला कमी. त्यामुळे एक विशिष्ट कंप्रता घेतली, तर ती एका पातळ उभ्या पडद्यावरच्याच आयनांशी जुळते, बाकीच्यांशी नाही. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन लावावं, तसं कुठे तापवायचं ते आपण ठरवू शकतो. उष्णता हवी असते गाभ्यात, म्हणून काटा गाभ्यावर लावायचा.

इथे निसर्गाने एक खोडी काढून ठेवली होती. प्लाझ्मा एकाच जातीच्या आयनांचा असला, तर ते सगळे आयन मिळून लहरीचा नेमका तोच भाग झाकून टाकतात, जो त्यांना ढकलणार असतो. लहर आरपार निघून जाते. १९७० च्या दशकात रशियातल्या टीएम-१ या छोट्या टोकामाकवर आणि मग फ्रान्स-अमेरिकेतही ड्युटेरियमच्या प्लाझ्मात प्रयोग झाले. गणितापेक्षा कितीतरी जास्त शक्ती प्लाझ्मात मुरताना दिसू लागली. कारण शोधलं, तर ते निघालं भेसळीत! भांड्याच्या भिंतीत मुरलेला साधा हायड्रोजन टक्का-दोन टक्के बाहेर येऊन मिसळत होता. ही थोडकी मंडळी लहर झाकू शकत नाहीत. उलट स्वतः तिच्यावर स्वार होऊन भयंकर वेग घेतात आणि मग बहुसंख्य ड्युटेरियमला धडका देत उष्णता वाटत सुटतात. घागरभर दुधाला चमचाभर विरजण पुरावं, तसं. तेव्हापासून ही भेसळ मुद्दाम करायला सुरुवात झाली. २०१७ मध्ये तर येव्हगेन काझाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हायड्रोजन आणि ड्युटेरियमच्या योग्य मिश्रणात हेलियम-३ चं प्रमाण एका टक्क्याहूनही कमी ठेवलं, तरी भागतं.

भाभांनी दिलेली वीस वर्षं संपली त्या १९७५ च्या डिसेंबरात प्रिन्स्टनला पीएलटी हा मोठा टोकामाक सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत त्यात काही मेगावॅट रेडिओ शक्ती ओतून ही रीत पक्की करण्यात आली. आणि नेमकी इथूनच खरी कटकट सुरू झाली.

हा अँटेना असतो कसा, ते आधी सांगतो. धातूची एक रुंद पट्टी, तिचं एक टोक भिंतीला जोडलेलं. दुसऱ्या टोकातून शेकडो अँपिअरचा रेडिओप्रवाह आत येतो. पट्टीभोवती धातूची चौकट आणि समोर खिडकीच्या गजांसारखी जाळी. तिला फॅरेडेची जाळी म्हणतात. ५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटर. भांड्यात त्या मानाने जागाच नाही, त्यामुळे पट्टी लहरीपेक्षा फारच आखूड राहते. आमच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर आपली आपण शेकडो किलोमीटर जाते. इथे तसं होत नाही. अँटेना आणि दाट प्लाझ्मा यांच्यामधल्या पोकळीत ही लहर चालूच शकत नाही. ती विझत विझत जाते, आणि पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत जी उरेल तीच पुढे प्लाझ्मात धावते. अंतर थोडं वाढवलं, की पोचणारी शक्ती झपाट्याने घसरते. म्हणून अँटेना प्लाझ्माला जितका लगटून ठेवाल तितका बरा. पण जितका लगटेल तितका तो भाजणार, झिजणार. सगळी कथा या चार बोटांच्या अंतरातली आहे.

ऑक्सफर्डजवळ कलहॅम इथे युरोपीय देशांनी मिळून जेट नावाचा प्रचंड टोकामाक उभारला. २५ जून १९८३ रोजी त्यात पहिला प्लाझ्मा पेटला. रेडिओ तापनाची बाजू फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ जाकिनो यांच्याकडे होती. १९९० च्या सुमारास जेटच्या अँटेनांनी २२ मेगावॅटपर्यंत शक्ती प्लाझ्मात घातली. हा आकडा किती मोठा? नागपूरजवळ बुटीबोरीला आकाशवाणीचा १००० किलोवॅटचा, म्हणजे एक मेगावॅटचा ट्रान्समीटर होता. रात्रीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून देशात दूरदूर ऐकू येई. असे बावीस ट्रान्समीटर एका ऐसपैस दिवाणखान्याएवढ्या जागेत ओतायचे, आणि त्या दिवाणखान्यातल्या वायूचं वजन एका ग्रॅमहूनही कमी!

पण सुरुवातीच्या वर्षांत वेगळंच दिसत होतं. शक्ती वाढवावी, तसा प्लाझ्मा तापायचा. पण त्याच वेळी मळायचाही. जाळी निकेलची होती आणि प्लाझ्मात निकेल सापडत होतं. थोडा मळ आला तर बिघडलं काय, असं वाटेल. बिघडतं ते असं. हायड्रोजनच्या आयनाजवळ एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो, म्हणून तो फारशी ऊर्जा प्रकाशरूपाने उधळत नाही. जड धातूचे अणू मात्र एवढ्या तापातही काही इलेक्ट्रॉन सांभाळून असतात आणि क्ष-किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर फेकत राहतात. टंगस्टनसारखा धातू लाखात काही अणू एवढा जरी गाभ्यात शिरला, तरी भट्टी विझायला लागते. म्हणजे ज्याने तापवायचं, तोच थंड करत होता.

दुसरी एक रीत होती, ती वेगवान अणूंचा झोत मारण्याची. तिच्यात हा मळ एवढा येत नसे. त्यामुळे रेडिओवाल्यांची जरा चेष्टाच होई. तुमचा अँटेना म्हणजे पाहुणा म्हणून येतो आणि घर घाण करून जातो, अशातला भाग.

मळ येतो कसा, याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते जुन्या रेडिओत आहे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी क्रिस्टलचा रेडिओ केला असेल. गॅलेनाच्या खड्याला बारीक तार टेकवायची. वीज एका दिशेला सहज जाते, उलट दिशेला जात नाही. इकडून तिकडे डोलणाऱ्या लहरीतून एकाच दिशेचा प्रवाह निघतो आणि कानाच्या फोनमध्ये आवाज येतो. प्लाझ्मा धातूला जिथे भिडतो, तिथे नेमका असाच खडा आपोआप तयार होतो. इलेक्ट्रॉन हलके, ते लहरीच्या एका अर्ध्या हेलकाव्यात झटकन धातूत पळून जातात; आयन जड, ते मागे राहतात. परिणामी धातूपुढच्या केसाएवढ्या पातळ थरात शेकडो व्होल्टचा कायमचा दाब साचतो. मग आयन त्या दाबाने धातूवर गोळ्यांसारखे आदळतात आणि अणू उडवतात. प्रिन्स्टनचे पर्किन्स यांनी १९८९ मध्ये याचं गणित स्पष्ट मांडलं. अँटेना नुसता ट्रान्समीटरला जोडलेला नव्हता, तो नकळत ‘रिसीव्हर’ही झाला होता!

जेटच्या मंडळींनी दोन उपाय केले. निकेलच्या जागी बेरिलियमची जाळी बसवली. हा हलका धातू प्लाझ्मात गेला, तरी फारशी उष्णता उधळत नाही. शिवाय शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधले प्रवाह उलटसुलट केले. एक वर जात असताना दुसरा खाली. त्याने मळ एकदम घटला. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी, की दोषी आहे ती समोरची जाळी. म्हणून पुढची वीसेक वर्षं जाळीचे गज कसे वळवावेत, कशाने मढवावेत, यावर अपार मेहनत झाली. ती वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण रोख जरा चुकला होता.

त्याचं सांगण्याआधी दुसऱ्या कटकटीकडे वळतो, कारण ती मी स्वतः भोगली आहे. एका केंद्रावर असताना पावसाळ्यातल्या एका रात्री मनोऱ्याच्या पायथ्याच्या इन्सुलेटरवरून ठिणगी उडू लागली. ट्रान्समीटरवर दोन काटे असतात, एक पुढे जाणारी शक्ती दाखवतो आणि दुसरा परत येणारी. दुसरा काटा उसळी मारून वर गेला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. अँटेनाने शक्ती स्वीकारली नाही, तर ती मागे फिरते आणि ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह जाळू शकते. आम्ही दोघं जण विजेरी आणि कोरडी फडकी घेऊन चिखलातून मनोऱ्याकडे गेलो. बातम्या मात्र हुकल्या. आमच्या मनोऱ्याचा भार वर्षातून एखादे वेळी असा बदलायचा. टोकामाकमध्ये तो सेकंदाला अनेकदा बदलतो.

त्यामागचं कारण असं. १९८२ मध्ये जर्मनीतल्या असडेक्स यंत्रावर फ्रिट्झ वॅग्नर यांना प्लाझ्माची एक सुखद अवस्था सापडली. तिच्यात उष्णता जवळपास दुप्पट वेळ टिकते. तिच्यासोबत एक खोड आली. दुधाला उकळी येऊन ते उतू जावं, तशी प्लाझ्माची कड पुन्हापुन्हा उसळते आणि मिलिसेकंदाच्या आत शांत होते. त्या क्षणी अँटेनासमोरचं अंतर जणू नाहीसं होतं, भार एकदम बदलतो, शक्ती मागे फिरते, ट्रान्समीटर बंद. पुन्हा चालू करावा, तोवर पुढची उसळी. यावर तोडगा काढताना नळ्यांच्या जोडणीची अशी रचना करण्यात आली, की परतलेली शक्ती ट्रान्समीटरकडे न जाता एका फुकट जाळायच्या भाराकडे वळावी. जेटमध्ये २००७-०८ च्या सुमारास याहून धाडसी अँटेना बसला. त्याचे कपॅसिटर भांड्याच्या आत, ऐन निर्वातात होते. उसळी आली तरी दोन जोडपट्ट्या एकमेकींना सांभाळून घेतील, अशी ती योजना. ती चालली! पण २००९ मध्ये एका कपॅसिटरने दगा दिला. भांड्याच्या आतला एक सुटा भाग बदलायचा म्हणजे यंत्रमानवाच्या हातांनी महिनोन्‌महिन्यांचं काम. अँटेना बाजूला पडला आणि काही वर्षांनी पुन्हा वापरात आला.

आता पुन्हा मळाकडे. एकविसाव्या शतकात एक नवा पेच आला. भावी अणुभट्टीत भिंती टंगस्टनच्याच लागणार, कारण झिजेला आणि उष्णतेला तोच पुरा पडतो. म्युनिकजवळच्या गार्शिंगमधल्या असडेक्स अपग्रेड या यंत्राने २००७ पर्यंत आपल्या सगळ्या भिंती टंगस्टनने मढवल्या. रेडिओचा अँटेना सुरू केला, की टंगस्टन प्लाझ्मात येऊ लागे. इतकं, की ही रीत तिथे वापरावी की नाही असा प्रश्न पडला. या वेळी संशोधकांनी जाळी सोडून चौकटीकडे पाहिलं. पट्टीतून प्रवाह गेला, की तिच्या भोवतीच्या धातूच्या चौकटीत उलटा प्रवाह उमटतो. आरशातल्या प्रतिमेसारखा. त्या चौकटीच्या कोपऱ्यांवर, चुंबकीय रेषांच्या दिशेने, नको ते विद्युतक्षेत्र तयार होत होतं. म्हणजे मळ करणारी होती ती चौकट. आणि आपण इतकी वर्षं खिडकीचे गज बदलत बसलो होतो!

उपाय साधा निघाला. दोनाऐवजी तीन पट्ट्या घ्यायच्या. मधलीत जास्त शक्ती, कडेच्या दोन्हींत कमी आणि उलट्या दिशेची. प्रमाण असं साधायचं, की चौकटीत उमटणारे प्रवाह एकमेकांना खोडून टाकतील. २०१५ मध्ये असे अँटेना तिथे बसले आणि जुन्या अँटेनांच्या मानाने टंगस्टन स्पष्टपणे घटलं. अमेरिकेत एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड या यंत्रात त्याआधी, २०११ मध्ये, वेगळी युक्ती केली होती. तिथे भिंती मॉलिब्डेनमच्या. चुंबकीय रेषा भांड्यात किंचित तिरक्या जातात. तर अँटेनाच तेवढा तिरका बसवला, म्हणजे रेषांशी काटकोन साधला. त्यानेही मळ घटला. २०१६ मध्ये पैशाअभावी ते यंत्र बंद झालं, ही वेगळी हकीकत.

जेटनेही आपला शेवट गोड केला. १९९७ मध्ये त्याने १६ मेगावॅट संमीलन शक्ती दिली होती, ती काही क्षण. २०२१ च्या डिसेंबरात पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ६९ मेगाज्यूल ऊर्जा निघाली. झोतांची शक्ती मोठी होती, पण त्यांच्या जोडीला रेडिओ लहरीही होत्या. गाभ्यात जमणारं टंगस्टन बाहेर ढकलायला गाभ्यातच उष्णता द्यावी लागते, आणि ती देणारे हेच अँटेना. ज्याच्यावर घाण केल्याचा आळ होता, त्याच्याकडेच केरसुणी आली. डिसेंबर २०२३ मध्ये जेट कायमचं बंद झालं.

आता फ्रान्समध्ये कादाराश इथे ईटर हे त्याहून मोठं यंत्र उभं राहत आहे. भारत २००५ च्या डिसेंबरात त्यात सहभागी झाला. या यंत्राला बाहेरून झाकणारं निर्वाताचं अवाढव्य पात्र सुरतजवळ हजिऱ्याला तयार झालं, हे अनेकांनी वाचलं असेल. कमी जणांना माहीत आहे ते असं, की ईटरच्या रेडिओ अँटेनांना शक्ती पुरवणारे नऊ संच देण्याची जबाबदारीही भारताची आहे. एकेक संच अडीच मेगावॅटचा, कंप्रता ३५ ते ६५ मेगाहर्ट्झ. हे काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या मंडळींकडे आहे. प्रिन्स्टनहून परतलेले प्रेधिमन कृष्ण काव यांनी ही संस्था उभी केली. १९८९ मध्ये तिथे ‘आदित्य’ हा आपला टोकामाक सुरू झाला आणि त्यावर या लहरींचे प्रयोगही झाले. २०१७ मध्ये काव गेले.

ईटरच्या अँटेनात चोवीस पट्ट्या, वजन चाळीस टनांहून जास्त. आणि अंतर? इथे ते चार बोटांवर थांबलं नाही, जवळजवळ वीतभर झालं आहे, कारण एवढ्या प्लाझ्माच्या आणखी जवळ जाणं धोक्याचं. सगळी कसोटी त्या वितीत लागणार आहे. २०२४ मध्ये ईटरने आपलं वेळापत्रक बदललं. भिंतीला बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरलं, प्रयोगांची सुरुवात २०३४ वर गेली, आणि रेडिओ लहरींचा पहिल्या टप्प्यातला वाटा २० मेगावॅटवरून १० वर आला. वाढवला गेला तो सूक्ष्मलहरींचा वाटा. त्या लहरी लांबून आरशांनी फेकता येतात, त्यांच्या अँटेनाला प्लाझ्माला लगटावं लागत नाही. मला स्वतःला हा निर्णय व्यवहारी वाटतो, पण जरा टोचतोही. सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनांना तापवतात. जे मिसळायचे आहेत त्या आयनांना थेट हात घालणारी लहर आमचीच!

दुसरीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्स गावी एक खासगी कंपनी स्पार्क नावाचा टोकामाक बांधत आहे. आकाराने ईटरपेक्षा खूपच लहान, पण चुंबकीय क्षेत्र बारा टेस्लांचं. बाहेरून तापवण्यासाठी त्यांनी एकच रीत निवडली आहे, रेडिओ लहरींची. अणूंचे झोत नाहीत, सूक्ष्मलहरी नाहीत. क्षेत्र जास्त, म्हणून कंप्रताही जास्त, १२० मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा वर. भिंती अर्थात टंगस्टनच्या. तिथल्या नियंत्रण कक्षातही पुढे गेलेली शक्ती आणि परत आलेली शक्ती दाखवणारी दोन मापं असणारच. पहिल्या दिवशी मला त्यातलं दुसरं माप बघायला मिळालं तर फार आवडेल.